दगडाखालची टिंबं

पडेगाव
मंगळवार, १४ मे, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

प्रिय बाई,

आत्ता सहा वाजून दहा मिनिटांनी मी घरामागच्या रिकाम्या टाकीवर बसून तुमच्या वहीचं शेवटचं, म्हणजे अठ्ठेचाळिसावं पान उन्हात तिरपं धरून बघत होतो. शेवटच्या ओळीवर आलो आणि ढग आला. ऊन गेलं. कागद नुसता पांढरा झाला. टिंबं होती तिथं काहीच राहिलं नाही.

आबा अंगणात उभे राहून वर बघत होते. आमची अकरा मेंढरं राहिली आहेत आणि त्या अकरांनाही चारा नाही. सगळं पडेगाव ढगाची वाट बघतंय. आणि मी, बाई, आबांचा मुलगा, मनातल्या मनात म्हणत होतो, आज नको. अजून थोडे दिवस नको. ही लाज मी कुणाला सांगू? आबांना सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

ढग सरकेपर्यंत करण्यासारखं काही नाही, म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन आज त्रेचाळीस दिवस झाले. तुम्हाला लिहायचं तर ब्रेलमध्ये लिहायला हवं, हे कळतं मला. पण हात धजत नाही. शाईनंच लिहितो. कुणीतरी वाचून दाखवेल असं समजा. एरवी ते काम माझं असायचं.

मी पहिल्यांदा पुंडलिकनगरला तुमच्या दारात आलो तो पाण्याचा जार खांद्यावर घेऊन. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं आणि पिण्याचं पाणी सगळी गल्ली विकत घ्यायची. मी तुमच्या हातात आमच्या धंद्याचं छापील कार्ड दिलं. तुम्ही ते बोटांनी चाचपून परत माझ्याकडे दिलंत आणि म्हणालात, "वाच काय लिहिलंय ते." तेव्हा मला कळलं की तुम्हाला दिसत नाही. मी वाचलं आणि घाबरत घाबरत म्हणालो, बाई, यात 'शुद्ध' चुकीचं छापलंय, द आणि ध उलटे जोडलेत.

तुम्ही किती हसलात! "जारवाल्यांत शुद्धलेखनवाला मी पहिल्यांदाच बघते आहे," म्हणालात. मग शाळा विचारलीत. मी सांगितलं, नववी. नापास नाही, सुटली. त्या साली पाणी नव्हतं, आम्ही मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलो होतो आणि परीक्षा इकडे होऊन गेली. तुम्ही हळहळला नाहीत. म्हणालात, "मग उद्यापासून जार ठेवल्यावर पाच मिनिटं बसायचं आणि मला पेपर वाचून दाखवायचा. अक्षर न् अक्षर. जाहिरातीसुद्धा."

त्या पाच मिनिटांची तीन वर्षं झाली.

ब्रेल मी मागितलं नव्हतं. तुम्हीच एकदा पाटी माझ्यासमोर सरकवलीत, लाकडी मुठीचा टोचा हातात दिलात आणि म्हणालात, पेपर वाचून झाला की हात रिकामे कशाला ठेवायचे? कागद पाटीत अडकवायचा, उजवीकडून डावीकडे उलटं टोचत जायचं आणि पान पालथं केलं की टिंबं वर येतात, बोटांना डावीकडून वाचता येतात. एका घरात सहा टिंबांची जागा. मराठी मला दोन महिन्यांत आली. मग इंग्रजी अक्षरंही आली. आणि तिथं आपलं भांडण सुरू झालं.

तुम्हाला भांडण हा शब्द आवडणार नाही. पण भांडणच होतं ते.

इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं मी जिवाचं रान करून पाठ केली होती. नेसेसरीत सी एक आणि एस दोन, हे मी जार पोचवताना जिन्यावर म्हणत चढायचो. आणि तुम्ही म्हणालात, ग्रेड टूमध्ये, म्हणजे आखडून लिहायच्या ब्रेलमध्ये, नेसेसरी म्हणजे नुसतं एन, ई, सी. टुमॉरो म्हणजे टी, एम. नॉलेज तर एकट्या के वर भागतं. एका अक्षरावर! मला फसवल्यासारखं झालं. मी म्हणालो, बाई, ज्याला स्पेलिंग येत नाही तोसुद्धा मग असंच लिहील. तुम्ही म्हणालात, "ज्याला येत नाही त्याला काय गाळावं तेही कळत नाही, भागवतराव." चिडवायचं असलं की तुम्ही राव लावायचात.

तुम्ही समजावून सांगितलंत. पूर्ण लिहिलं तर छापील एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये चार-पाच जाडजूड खंड होतात. कपाट पुरत नाही. बोटं दमतात. म्हणून इंग्रजी ब्रेलमध्ये एकशे ऐंशी संक्षेप आहेत आणि मोठ्या ग्रंथालयांतून येणारी सगळी इंग्रजी पुस्तकं त्यांतच असतात. ते येत नसतील तर पुस्तक हातात असून उपयोग नाही. तुमचे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते, कागद मोजून मिळायचा, म्हणून ते शब्द आखडून लिहायचे, हेही तेव्हाच सांगितलंत. "आमच्या घरात हे नवं नाही," म्हणालात.

मला ते सगळं पटलं आणि तरीही मी शिकलो नाही. भीती वाटायची. अख्खा शब्द लिहिला की एखादं टिंब चुकलं तरी वाचणारा समजून घेतो. एकाच घरात अख्खा शब्द कोंबला आणि ते घर चुकलं, तर? मी कारणं सांगत राहिलो आणि तुम्ही "बरं, नंतर" म्हणत राहिलात. तुम्ही तेव्हा जबरदस्ती का केली नाहीत?

मग रेणुका आली. चितेगावची, सतराची, वडील तिकडच्या कंपनीत वॉचमन. अंधशाळेत मराठी ब्रेलवर दहावी झालेली आणि जुलैत पुण्याला एका कोर्सच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची होती. इंग्रजीचा पेपर ग्रेड टूमध्ये. आई तिला दर गुरुवारी बसनं तुमच्याकडे आणायची. पहिल्याच गुरुवारी मी मोठ्या हौसेनं तिच्यासाठी टोचलेली गोष्ट दिली, सगळी स्पेलिंगं पूर्ण, एकही चूक नाही. तिनं चार पानं वाचली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या गोष्टीतला मानूस दारापर्यंत पोचेस्तोवर माझी बोटं सुजली." तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. मीही हसलो, पण बाई, मला ते लागलं होतं.

तिच्यासाठी तुम्ही वही करायला घेतलीत. तक्ता मोबाईलवर मिळतो हे मी तेव्हा सांगितलं होतं, तुम्ही मान हलवलीत. तक्त्यानं बोटं तयार होत नाहीत, म्हणालात. कुठला संक्षेप आधी द्यायचा, कुठला दुसऱ्यासारखा लागतो म्हणून लांब ठेवायचा, कुठं वापरायचा नाही, आणि प्रत्येकासाठी वाक्यं, तुमची स्वतःची, रेणुकाला हसू येईल अशी. सगळा हिवाळा तुम्ही टोचत होता. अठ्ठेचाळीस पानं. शेवटची काही पानं मला दाखवलीच नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "तूही वाचशील. तुझ्यासाठीही आहे. पण आधी शीक."

मार्चमध्ये तुम्ही ती पानं बांधायला माझ्याकडे दिलीत.

आता यापुढचं मला लिहायलाच हवं. तुम्हाला माहीत आहे सगळं. तरी लिहितो.

कागद उन्हाळ्याच्या कोरड्या हवेनं वाळून कडांना वळले होते. अशी वेडीवाकडी पानं बांधायची कशी? आमच्याकडे नवी घोंगडी खळ देऊन वाळली की तिची घडी घालून वर दगड ठेवतात. आठ दिवसांत ती अशी सपाट होते की पाटासारखी उचलावी. मी तुमची पानं आईच्या घोंगडीत नीट गुंडाळली, खाली फळी, वर फळी, आणि त्यावर जात्याची वरची तळी. कोपरे जुळवायला मला अर्धा तास लागला. आठ दिवस रोज बघायचो की दगड हलला तर नाही ना.

मग निळ्या कापडात वही बांधली. पानं कशी सरळ, कडा कशा एका रेषेत! तुम्हाला दिसणार नाही याचंच वाईट वाटलं मला, बाई. येताना रिक्षात ती मांडीवर आडवी धरली होती, वाकू नये म्हणून.

तुम्ही वही हातात घेतलीत. कापडावरून हात फिरवलात. पहिलं पान उघडून बोट ठेवलंत. मग दुसरं. मग एकदम मधलं. मी समोर बसून शाबासकीची वाट बघत होतो. तुमचं बोट एरवी ओळीवरून घसरत जायचं, ते एकाच जागी थांबलं होतं.

"भागवत," तुम्ही विचारलंत, "हे कशाखाली ठेवलं होतंस?"

मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं. घोंगडी, फळी, तळी, आठ दिवस.

तुम्ही पानाची कड बोटानं चाचपलीत. मग म्हणालात, "छान सरळ झालीत हं पानं." आणि वही मिटून मांडीवर ठेवलीत आणि मला चहा ठेवायला सांगितलंत.

बाई, मला तिथंच कळायला हवं होतं. मला चहा उकळताना कळलं. मी येऊन बघितलं, पानावरून बोट फिरवलं, माझ्यासारख्याच्या बोटालाही एरवी टिंबं लागायची. काही लागलं नाही. तुमचा अख्खा हिवाळा मी दगडाखाली घालून सपाट केला होता.

तुम्ही ओरडला का नाहीत? एक थप्पड मारली असती तरी चाललं असतं. आबांनी मारली असती. तुम्ही म्हणालात, उन्हाळा मोठा आहे, पुन्हा लिहू. आणि तुमच्या कपाटातली ब्रेलची पुस्तकं सगळी उभी का असतात, आडवी एकही का नसते, त्यांच्यावर कधी काही ठेवलेलं का नसतं, हे तीन वर्षांत एकदाही का सांगितलं नाहीत? मला वाटायचं शोभेसाठी उभी असतात. जिला दिसत नाही तिच्या घरात शोभा कुणासाठी, हा प्रश्न मला पडला नाही. बाकी सगळं शिकवलंत मला, स्वल्पविराम कुठं द्यायचा तेसुद्धा. हे एवढंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा पाटी घेऊन बसलात. मी म्हणालो, मी टोचतो, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात, "तुला ग्रेड टू येत नाही. मधे मधे थांबावं लागेल. मी पटकन करते." पटकन नव्हतं ते. उकाडा, दुपारी वीज जायची, टोच्याची मूठ तुमच्या घामानं ओली व्हायची. दहा दिवसांत चार पानं झाली. अकराव्या दिवशी मी जार घेऊन आलो तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या.

डॉक्टर म्हणाले हृदय. वय झालं होतं, आधीपासून त्रास होता, टोचण्याचा काही संबंध नाही. मी तीनदा विचारलं. तीनदा तेच म्हणाले. तरी मला सांगा, तुम्ही तरी सांगा, संबंध नव्हता ना?

तेराव्यानंतर तुमचा भाचा घर आवरत होता. ते घर आता बिल्डरला जाणार आहे, शेजारच्या दोन्ही जागा गेल्याच आहेत. माणूस चांगला आहे, मला आत बोलावून चहा दिला. टेबलावर तुमचे कागद होते. तो म्हणाला, "हे कोरे कागद तू घेऊन जा, जाड आहेत, कामाला येतील." मी म्हणालो, कोरे नाहीत. त्यानं एक पान उचलून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि सगळा गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. पाटी आणि टोचाही त्यानं मलाच दिला. निळी वही मी आधीच छातीशी धरली होती.

त्या दिवसापासून मी हे करतो आहे.

सकाळी ऊन कोवळं असतं, जमिनीलगत असतं. पान पालथं करून त्या उन्हात तिरपं धरलं की जिथं तुम्ही टोचलं होतं तिथं अजून बारीकशी खळगी आहे, तिच्यात सावली पडते. बोटाला लागत नाही, पण डोळ्याला दिसते. सहा ते पावणेसात, एवढाच वेळ. ऊन वर आलं की सावल्या संपल्या. टॉर्च लावून बघितला, तर कागदाचा प्रत्येक तंतू टिंब वाटतो. मी दिसेल तशी घरं वहीत शाईनं उतरवतो आणि जार पोचवून आलो की पाटीवर टोचतो. पालथ्या पानावर टिंबं उलटी दिसतात आणि टोचायचीही उलटीच असतात, त्यामुळे काय लिहिलंय ते कळायची गरज लागत नाही. वाचायचं नाही, नुसतं उतरवायचं. तुमचं बोलणं मी न समजता लिहून घेतो आहे.

एकदा आबा शेजारी येऊन बसले. मी टोचलेल्या पानावरून त्यांनी अंगठा फिरवला. मेंढरांच्या कानाच्या खुणा आबा डोळे मिटून ओळखतात, आमची डाव्या कानाला एक चीर, मामांची दोन. ते म्हणाले, "ह्ये कानाच्या खुणेवानीच हाय की. येवढ्याशा चिरंत आख्खं घरानं." मी म्हणालो, व्हय आबा, तसंच आहे. तर म्हणाले, "पन कान फाटला तं मेंढरू कुनाचं ते काय केल्या कळत नाय बघ. मग पंच बसवावं लागतंय." ते सहज बोलले. मी दिवसभर तेच घोकत होतो.

कारण बाई, माझी भीती खरी ठरली आणि तुमचंही बरोबरच होतं. सगळी स्पेलिंगं पूर्ण असती तर वहीची शंभर पानं झाली असती, रेणुकाची बोटं सुजली असती, पण दगडाखाली गेलेल्या शब्दाचं एखादं तरी अक्षर उरलं असतं आणि मी उरलेलं ओळखलं असतं. स्पेलिंग ओळखणं एवढंच तर मला येतं. तुमच्या वहीत एक घर गेलं की अख्खा शब्द गेला. मागं काहीच उरत नाही, धरायला शेपूटसुद्धा नाही. मी भित्रा होतो म्हणून मला हे दिसलं होतं. आणि मी टापटीप होतो म्हणून ते मीच घडवून आणलं.

रविवारी मी टोचलेली पानं घेऊन चितेगावला जातो. उभी धरून नेतो, दप्तरात पुठ्ठे घालून. तुमच्या गुरुवारांत रेणुका बरंचसं ग्रेड टू शिकली आहे, ती ओसरीवर बसून वाचते आणि मला सांगते मी काय लिहिलंय ते. मधेच बोट थांबतं, विचारते, "दादा, इथं टिंब हाय का नाय?" मी शाईची वही बघून सांगतो, असावं. ती म्हणते, "असावं नाय, हाय का नाय ते सांगा." अगदी तुमच्यासारखी.

एकतिसाव्या पानावर तुम्ही टू आणि बाय या शब्दांबद्दल लिहिलंय. जुन्या पद्धतीत ते पुढच्या शब्दाला चिकटून लिहायचे, मधे जागा सोडायची नाही. आता नियम बदलला, आता ते सुटे लिहायचे. खाली तुमचं वाक्य आहे, रेणुकानं मला मराठीत करून सांगितलं: जुनं पुस्तक हाती आलं आणि त्यात हे दोघं कुणाला टेकून उभे दिसले, तर दचकू नकोस, त्या काळी चालायचं. ती हसत होती. मला हसू आलं नाही. तीन वर्षं मी तुम्हाला टेकूनच उभा होतो ना?

आणि परवा तिनं अठ्ठेचाळिसावं पान वाचलं. जेवढं उतरलं तेवढं.

तुम्ही ते पान खेळ म्हणून केलं होतंत का? सगळी वाक्यं एकेका अक्षराची. पी, एल, यू, सी, डी, एक्स. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं उतरवलंय, असा शब्दच नाही. रेणुकानं बोट फिरवलं आणि तिचा चेहरा असा झाला, बाई, तुम्ही ऐकायला हवा होता तिचा आवाज. एकटं उभं असलेलं पी म्हणजे पीपल, एल म्हणजे लाइक, यू म्हणजे अस, सी म्हणजे कॅन, डी म्हणजे डू, एक्स म्हणजे इट. आपल्यासारखी माणसं हे करू शकतात. सहा अक्षरांत!

वर आमच्या दोघांची नावं होती, पूर्ण स्पेलिंगनं. माझंही पूर्ण. माझ्यासाठी तुम्ही एवढं केलं होतंत.

शेवटच्या ओळीत मला फक्त वाय, डब्ल्यू, एन एवढं मिळालं. यू विल नॉट. तू काय करणार नाहीस, किंवा तुझं काय होणार नाही. त्याच्यापुढची तीन घरं गेली. नेमका तिथंच तळीचा भार आला असणार, कागद तिथं काचेसारखा झालाय. त्यापुढं पूर्णविराम मात्र शाबूत आहे. म्हणजे तुमचं वाक्य पुरं झालं होतं. तुम्ही सांगून गेलात, ते मी घालवलं.

त्या तीन घरांसाठी मी पाच सकाळी घातल्या. पहिल्या घरात वरचं डावं टिंब आहे, एवढं नक्की. पण ते टिंब तर निम्म्याहून जास्त अक्षरांत असतं. मी तक्ता बघून सगळे पर्याय लिहून काढले. यू विल नॉट लाइक इट, बसतं: एल, मधे एक रिकामं घर, मग एक्स. तुला आवडणार नाही. यू विल नॉट हॅव मोर, तेही बसतं. यू विल नॉट डू इट, तेही. बाई, दिलासा होता की ताकीद होती? तू हरणार नाहीस असं काही होतं, की तू शिकणार नाहीस असं? रेणुकाला होतं की मला? जगात कुठल्याच तक्त्यात हे मिळणार नाही आणि ज्यांना विचारायचं त्या तुम्ही.

मी रेणुकाला म्हणालो, चांगला अर्थ निघेल असं काहीतरी आपण भरू. वही पुरी तर दिसेल. ती रागावली. तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत, ती रागावली. म्हणाली, "तुमच्या मनाचं काय बी भरू नका, दादा. जागा मोकळी सोडा. पन तीन घरं मोजून सोडा, अन् मंग पूर्णविराम द्या. माझ्या बोटाला कळू दे की बाई इथं कायतरी बोलल्या व्हत्या."

आणि मग तिनं माझा हात ओढून त्या पानावर ठेवला आणि म्हणाली, वाचा. पहिला पी.

ढग सरकला, बाई. आबा आत गेले. सात वाजत आलेत, ऊन आता उपयोगाचं नाही. उद्या पुन्हा बसेन, पण खरं सांगतो, त्या तीन घरांत आता काही दिसेल असं वाटत नाही. कागदही रोज थोडा थोडा फुगतोय, खळग्या बुजतायत. आणि पाऊस आला पाहिजे. आबांसाठी आला पाहिजे. हे मी आज पहिल्यांदा मनापासून म्हणतो.

मी वचन देतो. ती तीन घरं मी भरणार नाही. ग्रेड टू मी रेणुकाकडून शिकेन, जुलैच्या आत, एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी, आणि माझ्याकडून कुणी शिकलं तर पहिल्या दिवशी, पहिलं अक्षर टोचायच्याही आधी, त्याला सांगेन की ही पानं उभी ठेवायची आणि त्यांच्यावर कधी काही ठेवायचं नाही. आणि का, तेही सांगेन. माझं नाव घेऊन सांगेन.

हिशेब असा आहे. मी काही लपवलेलं नाही.

एकूण पानं अठ्ठेचाळीस.
तुम्ही जाण्याआधी पुन्हा लिहिलेली, चार.
मी उतरवलेली, पस्तीस.
अर्धवट मिळालेली, सहा.
कायमची गेलेली, तीन.
शेवटच्या ओळीत, पूर्णविरामाच्या आधी, मोजून मोकळी सोडलेली घरं, तीन.

तुमचा,
भागवत